कादंबरीचा सिनेमा होताना काय काय बदलतं, आणि त्यावर नीट भांडायचं कसं

'वाचलंयस का तू पुस्तक? नाही ना? मग राहू दे.' 'अरे, पण पिक्चर पिक्चर म्हणून बघ की!' कादंबरीवरच्या सिनेमाचा विषय निघाला की मित्रांच्या गप्पांत ही दोन वाक्यं हमखास येतात आणि वाद तिथंच घुटमळतो. एकाच्या डोक्यात गाळलेल्या प्रसंगांची यादी असते. दुसरा थिएटरात बसून काय वाटलं तेवढंच सांगत असतो. दोघांची मापं वेगळी, त्यामुळे कुणीच कुणाला काही पटवू शकत नाही.

हा वाद व्हायलाच हवा. वाचलेलं आणि पाहिलेलं किती लक्षात राहिलंय, किती समजलंय, याचा कस त्यात लागतो. पण त्याआधी कादंबरीचा सिनेमा होताना आत काय घडतं, ते माहीत असलं पाहिजे. आणि एक प्रश्न सतत हाताशी ठेवला पाहिजे: कादंबरीत हा प्रसंग कोणतं काम करत होता, आणि सिनेमात ते काम आता कोण करतंय? प्रसंग गळला असेल, पण त्याचं काम एखाद्या नजरेनं, एखाद्या वस्तूनं किंवा गाण्यानं उचललं असेल, तर तक्रारीला फारसा अर्थ उरत नाही. उलट प्रसंग जसाच्या तसा आहे आणि त्याचं काम मात्र होत नाही, असंही खूपदा घडतं. 'पुस्तकातलं सगळं आहे, तरी मजा नाही आली' असं लोक म्हणतात, ते अशा सिनेमांबद्दल.

आधी साधा हिशोब

मध्यम आकाराची मराठी कादंबरी ३०० पानांची धरा. पानाला २५० शब्द धरले तर ७५,००० शब्द झाले. मिनिटाला १४० शब्द या गतीनं मोठ्यानं वाचायला बसलात तर जवळपास ९ तास लागतील. सिनेमा असतो सव्वादोन तासांचा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा या धंद्यातला ढोबळ हिशोब. म्हणजे हातात १३५ पानं, तीही मोकळ्या जागा सोडून लिहिलेली. त्यात ७० प्रसंग बसवले तर एका प्रसंगाच्या वाट्याला दोन मिनिटंही येत नाहीत.

म्हणजे दिग्दर्शकाची आवड, निर्मात्याचा दबाव, सेन्सॉर हे सगळं पुढचं. नुसत्या घड्याळानंच तीन चतुर्थांश मजकूर बाहेर काढलेला असतो. हे घड्याळ झुगारून बघायचा प्रयत्न झालेला आहे. एरिक फॉन श्ट्रोहाइमनं फ्रँक नॉरिसच्या 'मॅकटीग' या कादंबरीवर 'ग्रीड' (१९२४) काढला. त्याची पहिली जुळणी ४२ रिळांची, सुमारे ९ तासांची होती. कापत कापत स्टुडिओनं तो १० रिळांवर आणला आणि तेवढाच लोकांपुढे आला.

वेळेपेक्षा अवघड अशा आणखी दोन अडचणी आहेत, आणि गप्पांत त्या सहसा निघत नाहीत.

पहिली अडचण 'रोज'ची. कादंबरी एका वाक्यात लिहून जाते, 'त्या पावसाळ्यात ते रोज संध्याकाळी पुलावर जाऊन बसत.' एका ओळीत चार महिने आले, सवय आली, मैत्री मुरत गेल्याचंही आलं. कॅमेऱ्याला 'रोज' दाखवता येत नाही. त्याला एकच संध्याकाळ दिसते, त्या दिवशीचे कपडे, त्या दिवशीचा उजेड. सवय दाखवायची तर तोच पूल तीनदा दाखवावा लागतो, कपडे बदलून, पाऊस कमी-जास्त करून. नाहीतर गाणं घालून त्यात दहा संध्याकाळी गुंडाळाव्या लागतात. आपल्या सिनेमात मैत्री किंवा प्रेम गाण्यात 'उरकलं' असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा पटकथाकार कादंबरीतल्या अशाच एखाद्या वाक्याशी झगडत असतो. जमलं की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. गाणं संपल्यावर ती दोन माणसं एकमेकांशी वेगळं वागतात का, ते बघा. वागत नसतील तर गाण्यानं फक्त वेळ घेतला.

दुसरी अडचण म्हणजे कॅमेऱ्याला काही मोघम ठेवता येत नाही. लेखक 'तो खोलीत शिरला' एवढं लिहून मोकळा होतो. सिनेमावाल्याला भिंतीचा रंग, कॅलेंडर, पंखा, खिडकीबाहेरचा आवाज, सगळं ठरवावंच लागतं. १९७५ सालचं गाव असेल तर दुकानाची पाटी, सायकलचा दिवा, बाईंच्या साडीचा पोत, एकेक गोष्ट त्या काळाची हवी. 'मला ते घर असं वाटलंच नव्हतं' ही तक्रार इथून येते. ती खरी असते, पण तिच्यावर तोडगा नाही, कारण प्रत्येक वाचकाचं घर वेगळं असतं. अशा तक्रारीवर वादाचा वेळ घालवू नये. नायक-नायिकेच्या चेहऱ्यांचंही तेच.

मनातलं बोलणं पडद्यावर कसं आणायचं

खरी गंमत आणि खरी मेहनत इथं आहे, त्यामुळे इथं जरा थांबू.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) नववीतल्या मुकुंद जोशीच्या तोंडून सांगितलेली आहे. बाहेर आणीबाणीचा काळ आहे, वर्गात त्याला आवडणारी शिरोडकर आहे, आणि मधे मुकुंदचं न थांबणारं मनातलं बोलणं आहे: मास्तरांबद्दल, घरच्यांबद्दल, मित्रांबद्दल, स्वतःबद्दल. वाचक त्या कादंबरीच्या प्रेमात पडतो तो त्या बोलण्यामुळे. घटना तशा थोड्याच आहेत. सुजय डहाके यांनी २०१२ साली तिच्यावर मराठी सिनेमा केला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला आणि रूपांतरित पटकथेसाठी अविनाश देशपांडे निगडी यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीही कादंबरीच्या वाचकांत 'पण मुकुंदचा तो आवाज?' हा प्रश्न राहिलाच. तो अगदी रास्त आहे, म्हणूनच त्याच्या तळाशी गेलं पाहिजे.

मनातला आवाज पडद्यावर आणायला पटकथाकाराकडे मोजकीच साधनं असतात. सगळ्यात हाताशी असलेलं म्हणजे निवेदन, पडद्यामागून येणारा पात्राचा आवाज. ते स्वस्त आणि सरळ आहे, आणि म्हणूनच बिघडतं. मुलगा उदास बसलेला दिसतोय आणि आवाज सांगतोय, 'त्या दिवशी मी फार उदास होतो.' ही पुनरुक्ती झाली. निवेदन चांगलं आहे का ते घरीच तपासता येतं. त्या प्रसंगाचा आवाज बंद करून पुन्हा बघा. काहीच कमी झालं नाही, तर निवेदन फुकट होतं. आवाजानं दिसण्याच्या विरुद्ध काही सांगितलं, मुलगा हसतोय आणि आवाज भीतीबद्दल बोलतोय, तर समजावं की कादंबरीतलं काहीतरी पडद्यापर्यंत पोचलं.

दुसरं साधन म्हणजे ऐकणारं माणूस. मनात जे चाललंय ते मित्राला, बहिणीला, मामाला सांगायचं. कादंबरीत चार ओळींत येऊन गेलेला मित्र सिनेमात अचानक सतत सोबत का असतो, याचं कारण हे. धोका असा की जे कुणालाच सांगता येत नव्हतं म्हणून कादंबरीत मनात राहिलं होतं, ते सिनेमात तोंडानं बोललं जातं, आणि पात्राचा स्वभावच बदलतो.

तिसरं साधन संकलनाचं, म्हणजे शॉट कापून जोडण्याचं, आणि ते खास सिनेमाचं. मुलगा बघतो. काय बघतो ते दिसतं. मग पुन्हा मुलगा. असे तीन शॉट. अर्थ ठरतो तिसऱ्या शॉटच्या लांबीवर. एका सेकंदात कापला तर 'त्यानं पाहिलं' एवढंच कळतं. चार सेकंद ठेवला आणि चेहऱ्यावर काहीतरी येऊन विरलं, तर पानभर मजकुराचं काम होतं. वर्गातल्या चोरट्या नजरांची गोष्ट असेल तर सगळा भार या तिसऱ्या शॉटवर आणि नटाच्या चेहऱ्यावर येतो. 'शाळा'मध्ये अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर या दोन कोवळ्या चेहऱ्यांवर तो होता. सिनेमा आवडला की नाही, यावर मित्रांत मतभेद असतील तर असा एक प्रसंग काढा आणि तिसरा शॉट किती लांब आहे ते मोजा. बहुतेक वेळा दोघांना तिथं वेगवेगळं दिसलेलं असतं, आणि खरा वाद तिथून सुरू होतो.

चौथं साधन वस्तू. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट'वर व्ही. शांताराम यांनी १९३७ साली 'कुंकू' काढला. तरुण नीराचं लग्न म्हाताऱ्या काकासाहेबांशी लावून दिलेलं. काकासाहेबांचं सरत चाललेलं वय, त्यांची धास्ती, हे सगळं कादंबरी शब्दांत सांगू शकते. सिनेमानं ते भिंतीवरच्या जुन्या घड्याळावर सोपवलं. ते घड्याळ दिसलं की काकासाहेबांच्या मनात काय चाललंय ते वेगळं सांगावं लागत नाही. तो काळ बोलपटाच्या अगदी सुरुवातीचा होता हे लक्षात घेतलं की ही निवड किती पुढची होती ते कळतं.

आणि आपल्याकडचं पाचवं साधन, गाणं. गो. नी. दांडेकरांच्या 'जैत रे जैत'मध्ये ठाकर आदिवासींचं जग लेखकाच्या भाषेत भिनलेलं आहे, ती भाषाच अर्धी कादंबरी आहे. जब्बार पटेल यांनी १९७७ साली सिनेमा करताना ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत यांच्याकडे ते काम दिलं. या सिनेमातली गाणी गोष्टीला ठिगळासारखी लावलेली नाहीत. लेखकाचा आवाज त्यांच्यात राहायला गेला आहे. माझ्या मते मराठीत कादंबरीची भाषा पडद्यावर नेण्याचा यापेक्षा धाडसी प्रयत्न क्वचितच झाला असेल.

पटकथाकार प्रत्यक्ष काय करतो

कादंबरी वाचून पटकथाकार थेट लिहायला बसत नाही. आधी तो ती फोडतो. फ्रान्सिस फोर्ड कपोलानं 'गॉडफादर' (१९७२) करताना काय केलं, त्याची वही पुढे छापली गेली, त्यामुळे ही पायरी आपल्याला बघायला मिळते. मारिओ पुझोच्या १९६९ सालच्या कादंबरीची पानं सुटी करून त्यानं मोठ्या कागदांवर चिकटवली आणि समासात टिपणं केली. मग प्रत्येक प्रसंगासाठी पाच गोष्टी लिहिल्या: प्रसंगाचा सारांश, तो काळ, दृश्यं आणि त्यांचा सूर, प्रसंगाचा गाभा, आणि हा प्रसंग कुठं फसू शकतो. शेवटचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. कादंबरीतला आवडता प्रसंग पडद्यावर हास्यास्पद कसा होऊ शकतो, याचा विचार त्यानं आधीच करून ठेवला होता.

कादंबरी अशी फोडल्यानंतर तीन प्रकारचे निर्णय होतात. काढणं, हलवणं, घालणं.

काढण्याचं उदाहरण त्याच सिनेमात आहे. कादंबरीत माफिया टोळीचा म्होरक्या व्हिटो कोर्लिओनेच्या तरुणपणाचा मोठा भाग आहे. पहिल्या सिनेमात तो नाही. १९७४ च्या दुसऱ्या भागात तो वापरला गेला. गायक जॉनी फाँटेनचं कादंबरीतलं लांबलचक प्रकरण मात्र खूपच छाटलं गेलं. दोन्ही निर्णयांमागचा हिशोब एकच: व्हिटोचा मुलगा मायकेल कसा बदलत गेला, या रेषेला हा भाग पुढे नेतो का? घालण्याचं उदाहरणही तिथलंच. बाप आणि मुलगा यांच्यात माया दिसेल असा एकही प्रसंग हाती नाही, हे कपोलाच्या लक्षात आलं, तेव्हा रॉबर्ट टाउन या पटकथाकाराकडून बागेतला संवाद लिहून घेतला. तो कादंबरीत नाही. बारशाचा विधी आणि खुनांची मालिका आलटून पालटून दाखवणं हेही सिनेमाचंच. पुझो स्वतः पटकथेत सहलेखक होता, म्हणजे लेखकाच्या हजेरीतच हे सगळं झालं.

हलवण्यासाठी 'पथेर पांचाली'कडे बघा. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची कादंबरी १९२९ ची, सत्यजित राय यांचा सिनेमा १९५५ चा. राय यांनी या कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढली होती. म्हणजे हे पुस्तक त्यांनी आधी चित्रांतून वाचलं होतं. कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरुण सुरुवातीलाच मरते. राय यांनी तिचं आयुष्य वाढवलं आणि ती गोष्टीतल्या लहानग्या अपूच्या कळत्या वयापर्यंत घरात राहिली. तिच्यामुळे घरातली गरिबी, अपूच्या आईची, सर्वजयेची चिडचिड आणि त्याच्या बहिणीचा, दुर्गेचा लळा या तिन्ही गोष्टी एका माणसाभोवती दिसू लागल्या. आगगाडीचंही तसंच. कादंबरीत भावंडं रुळांच्या शोधात धावतात, पण दोघं मिळून गाडी बघत नाहीत. सिनेमात बघतात. पुस्तकाला घट्ट धरून बसणाऱ्याच्या दृष्टीनं हे दोन्ही बदल चूकच ठरतील. तरी या सिनेमाला कुणी 'पुस्तकाशी बेइमान' म्हणत नाही, कारण कादंबरीची कामं तिथं चोख झालेली आहेत.

मराठीत आणखी एक अवघड प्रकार दिसतो, तो म्हणजे दोन-दोन पुस्तकांचा एक सिनेमा. 'सिंहासन' (१९७९) अरुण साधू यांच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवर बेतलेला आहे. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. मुख्यमंत्री (अरुण सरनाईक), अर्थमंत्री (डॉ. श्रीराम लागू), कामगार पुढारी (सतीश दुभाषी), शिवाय तस्करी, वार्ताहर, झोपडपट्टी. एवढी माणसं दोन तासांत ओळखीची कशी करायची? उत्तर होतं पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले). पत्रकाराला मुख्यमंत्र्यांच्या बंगल्यावरही प्रवेश असतो आणि कामगारांच्या सभेतही. तो जिथं जाईल तिथं प्रेक्षक जातो. अशा पात्रामुळे ओळख करून देण्याचे कितीतरी प्रसंग वाचतात. हरवतं ते 'मुंबई दिनांक'मधलं शहर. तिथं मुंबईच एक मोठं पात्र आहे, सिनेमात ती राजकारणाची पार्श्वभूमी होते. ही किंमत योग्य होती का, यावर दोन समजूतदार माणसांत खुशाल मतभेद व्हावेत. मला ती योग्य वाटते, कारण सत्तेचा खेळ एका सलग रेषेत दिसणं हे त्या सिनेमाचं बळ आहे.

'जोगवा' (२००९) याहून पुढे गेला. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा, यांच्यावर तो आधारलेला आहे. पटकथाकार संजय कृष्णाजी पाटील आणि दिग्दर्शक राजीव पाटील यांनी जोगतीण सुली आणि जोगता तायप्पा यांना समोरासमोर आणून उभं केलं. दोन एकाकी गोष्टींची एक प्रेमकथा झाली. मूळ कादंबऱ्यांमधला घुसमटीचा दाब त्यामुळे सैल झाला असं कुणी म्हणालं तर ते खोडून काढता येणार नाही. पण बदल कुठं झाला आणि कशासाठी, हे आता नेमकं सांगता येतं.

शेवट बदलला की जास्त का लागतं

सगळ्यात जोराची भांडणं शेवटावरून होतात. आनंद यादव यांच्या 'नटरंग'वर रवी जाधव यांनी केलेला सिनेमा १ जानेवारी २०१० ला आला. पहिलवानी अंगाचा गुणा तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. इथं सिनेमाला एक गोष्ट फुकट मिळते: ते शरीर. कादंबरी गुणाची चाल, कंबर, हात बदलल्याचं सांगते, अतुल कुलकर्णी ते डोळ्यांसमोर करून दाखवतात, आणि त्या दहा मिनिटांत पडदा पानाच्या पुढे जातो. शेवटी मात्र सिनेमा गुणाला म्हातारपणी मिळालेल्या सन्मानापर्यंत नेतो. कादंबरी असा दिलासा देत नाही.

शेवट बदलल्यानं एक प्रसंग बदलला असं होत नाही. आधीच्या सगळ्या प्रसंगांचा अर्थ मागं जाऊन बदलतो. गुणाची फरफट अखेर सन्मानाकडे नेणारी असेल तर ती कलेसाठीची तपश्चर्या वाटते. सन्मान नसेल तर तीच फरफट समाजानं माणसाचं काय केलं, याची गोष्ट होते. म्हणून शेवटावर वाद घालताना 'सुखान्त का केला' एवढ्यावर थांबू नका. मधला एखादा प्रसंग घ्या आणि दोन्ही शेवट मनात धरून तो पुन्हा बघा. कोणत्या शेवटासह तो जास्त खरा वाटतो ते सांगा. 'नटरंग'पुरतं बोलायचं तर मला कादंबरीचा कडवटपणाच जास्त प्रामाणिक वाटतो. सिनेमा आवडणाऱ्यांनी मधल्याच प्रसंगांच्या आधारानं माझं मत खोडून दाखवावं, हे मला मनापासून हवं आहे.

लेखकाच्या हातात काय असतं

'लेखकानं परवानगी दिलीच कशी?' हा प्रश्न दर वेळी निघतो, म्हणून कायद्याचं थोडक्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कादंबरीचं रूपांतर करण्याचा आणि तिच्यावर सिनेमा काढण्याचा हक्क मूळ लेखकाचा. तो दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखीच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हक्क घेऊन निर्माता नुसता बसून राहिला आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर वर्षभरानं तो हक्क संपतो. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांना खुलं होतं. साने गुरुजींचं निधन १९५० चं, म्हणून २०११ पासून 'श्यामची आई'वर कुणालाही सिनेमा काढता येतो.

हक्क विकले तरी लेखकाकडे एक गोष्ट उरते. कलम ५७ प्रमाणे आपल्या नावावर आपल्या कृतीची मोडतोड होत असेल तर तो हरकत घेऊ शकतो. मन्नू भंडारी यांच्या 'आपका बंटी' या हिंदी कादंबरीवरून 'समय की धारा' हा सिनेमा झाला. शीर्षक, पात्रं, शेवट यांत केलेले बदल त्यांना मान्य नव्हते. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १९८६ च्या त्या निकालात न्यायालयानं म्हटलं की माध्यम बदलताना लागणारे फेरफार चालतील, पण कृती ओळखू येणार नाही इतकी विकृत करता येणार नाही, आणि हे संरक्षण सिनेमाच्या रूपालाही लागू आहे. शेवटी तडजोड झाली आणि लेखिकेचं व कादंबरीचं नाव सिनेमापासून वेगळं करण्यात आलं. याच लेखिकेच्या 'यही सच है' या कथेवर 'रजनीगंधा' (१९७४) झाला होता, तेव्हा असा वाद उद्भवला नव्हता. म्हणजे 'लेखकांना सिनेमाच नको असतो' हे म्हणणं टिकत नाही.

सिनेमाच्या सुरुवातीची श्रेयनामावली म्हणूनच घाईनं सोडून देऊ नका. कथा, पटकथा, संवाद अशी तीन वेगळी श्रेयं असतात. कादंबरीकार फक्त कथेपुढे असेल तर पडद्यावरच्या वाक्यांचा जाब त्याला विचारण्यात अर्थ नाही.

मग गप्पा कशा माराव्यात

चार-पाच जणांचा गट आणि दीड तास, एवढं पुरतं. संपूर्ण कादंबरी विरुद्ध संपूर्ण सिनेमा असा सामना लावू नका, त्यात जो मोठ्यानं बोलेल तो जिंकतो. प्रत्येकानं एकच प्रसंग निवडून आणायचा. पुस्तकातला पान क्रमांक आणि सिनेमातलं मिनिट, दोन्ही लिहून आणायचं. आधी पान मोठ्यानं वाचायचं, मग तो तुकडा बघायचा, मग प्रत्येकानं एका वाक्यात त्या प्रसंगाचं काम लिहायचं, न बोलता. ही वाक्यं वाचून दाखवली की कळतं, अर्धा वाद सिनेमाबद्दल नसून कादंबरी कुणाला कशी लागली याबद्दल आहे.

'कादंबरीचा आत्माच हरवला' असं कुणी म्हणालं की त्याला प्रेमानं विचारा, कोणत्या पानावर होता? हा प्रश्न हिणवायला नाही. सांगणाऱ्यानं खरोखर पान उघडून दाखवलं तर वाद एकदम वरच्या पातळीवर जातो. दुसरी नेहमीची गडबड आठवणीची. सोळाव्या वर्षी वाचलेली कादंबरी आणि चाळिशीत पाहिलेला सिनेमा यांची तुलना करताना आपण स्वतःच्या दोन वयांची तुलना करत असतो. निदान निवडलेलं प्रकरण तरी पुन्हा वाचून यावं.

आधी पुस्तक की आधी पिक्चर? मनातल्या आवाजावर उभी असलेली कादंबरी, 'शाळा'सारखी, आधी वाचावी. एकदा पडद्यावरचा चेहरा डोक्यात बसला की तो आवाज त्याच चेहऱ्यातून येऊ लागतो. 'सिंहासन'सारखी माणसांची गर्दी असलेली गोष्ट आधी सिनेमात पाहिली तरी चालेल. कोण कुणाच्या बाजूला ते कळतं आणि मग पुस्तकातले बारकावे जास्त दिसतात.

पहिल्या बैठकीला 'श्यामची आई' घ्यावी. ती कादंबरीपेक्षा आठवणींचं पुस्तक आहे, पण अडचणी त्याच आणि जास्त उघड्या. पुस्तक ४२ रात्रींचं, रात्रीला एक आठवण, प्रत्येक स्वतंत्र, सलग कथानक नाही. आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये केलेल्या सिनेमाला पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी तेच पुस्तक पुन्हा घेतलं, कृष्णधवल रंगात, साने गुरुजींच्या स्वातंत्र्यलढ्यातल्या आयुष्याशी जोडून. सत्तर वर्षांच्या अंतरानं दोन दिग्दर्शकांनी सुट्या रात्रींना कोणत्या दोऱ्यात ओवलं, हे शोधायचं. 'थोर अश्रू' ही रात्र निवडा. न्हाऊन आलेल्या श्यामच्या ओल्या तळव्यांना घाण लागू नये म्हणून आई ओचे पसरते आणि मनाला घाण लागू नये म्हणून देवाला सांग म्हणते. तो प्रसंग दोन्हीकडे शोधा. सापडला तर कॅमेरा कुठं आहे बघा: श्यामच्या उंचीवर, आईच्या उंचीवर, की दोघांना एकत्र दाखवेल इतका लांब. सापडला नाही तर त्याचं काम दुसऱ्या कुठल्या प्रसंगानं केलं, ते प्रत्येकानं लिहायचं.

आणि सगळ्यांकडे पुस्तकाची एकच आवृत्ती असू द्या. 'श्यामची आई' अनेक प्रकाशनांनी छापलेली आहे, पान क्रमांक जुळत नाहीत, आणि पहिली पंधरा मिनिटं पान शोधण्यातच जातात.